टिटवीचं छप्पर

एका जंगलात, मुलांनो, एक तरस राहायचा. पूर्वी तो मढी खायचा. पुढे त्याला गरिबांचा कळवळा आला. मढी गरिबांचीच असायची, त्यामुळे ओळख जुनी होती.

त्याने दाणे कर्जाऊ देणारी 'वनमाउली अल्पदाणा संस्था' काढली. कर्ज फक्त बायांना. बाया कष्टाळू असतात, असं तो सांगायचा. खरं कारण साधं होतं. नर पळून जातात. बायांची पिल्लं घरी असतात, त्या कुठे जाणार?

पाचजणींचा एक गट. एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांनी भरायचा. भरेपर्यंत कोणी जागचं उठायचं नाही. उठलं तर सगळ्या गटाचं पुढचं कर्ज बंद.

अशा एका गटात टिटवी होती. तिने नदीकाठच्या उघड्या गोट्यांत अंडी घातली होती. दिवसभर ती त्यांच्यावर उभी राहून सावली धरायची. मधूनच डोहात पोट भिजवून यायची आणि अंडी गार करायची. ऊन वाढलं, तेव्हा तिने छपरासाठी कर्ज काढलं.

संस्थेने त्यातून सभासद फी कापली. विमा कापला. पहिला हप्ताही आधीच कापून घेतला. उरलेल्यात छपराच्या खांबांपुरत्या चार मेढी आल्या. छप्पर राहिलं. त्या शाकारणीसाठी टिटवी पोटाला चिमटा काढून दाणे साठवू लागली आणि ती पुरचुंडी सतत पंखाखाली बाळगू लागली.

बैठक भर दुपारी व्हायची, नदीपासून लांब, टेकडीवरच्या वडाखाली. वडाची सावली दाट होती. ती तरसाच्या खुर्चीवर पडायची.

एके दिवशी बैठकीला पाहुणा आला. समुद्रापलीकडचा करकोचा. मोठा विद्वान. गरीब जंगलांतल्या अल्पदाणा संस्था यशस्वी का होतात, यावर त्याचा अभ्यास चालला होता.

"सशीण कुठाय?" तरसाने विचारलं.

"तिचं पिल्लू तापलंय, सायेब," गटातली काटेरी साळू म्हणाली. "हप्ता घिऊन येते म्हनली."

"मग थांबू या. आपल्याला कुठे घाई आहे?"

ऊन चढत गेलं. टिटवी चुळबुळत उठली. "सायेब, माझा हप्ता भरलाय. जरा अंडी भिजवून येते. लई तापलंय."

"ताई, नियम मी केलेत का? वरून आलेत."

टिटवीने वर पाहिलं. वर गिधाडं फिरत होती.

"बस गप," साळू तिच्यावर खेकसली. "तू गेलीस तर आमी काय खायाचं?"

सशीण काही येईना. शेवटी टिटवीने पंखाखालची पुरचुंडी काढली. छपराचे दाणे तरसापुढे ओतले.

"हे घ्या सशिणीचं. सोडा आता."

तरसाने सावकाश पावती फाडली. मग सर्वांनी समारोपाची शपथ म्हटली, 'आम्ही पुढे जाऊ'. ती म्हणताना कोणी हलायचं नसतं. टिटवी निघणार, तोच करकोचा आडवा आला.

"एकच प्रश्न. मैत्रिणीचा हप्ता तुम्ही का भरलात?"

"मला घरी जायचंय, सायेब."

करकोच्याने वहीत लिहिलं, 'परस्परविश्वास'. खाली रेघ ओढली. तरसावर काय रागवायचं, मुलांनो, तो तरसच होता. हा तर शिकलेला होता.

टिटवी पोट भिजवून अंड्यांवर बसली. अंडी गोट्यांइतकी तापली होती. ती रात्रभर बसली. पुढे कितीतरी दिवस बसून राहिली. एकही अंडं फुटलं नाही.

हप्त्याचे दाणे नव्हते, म्हणून तरस स्वतः सांत्वनाला आला.

"फार वाईट झालं, ताई. ही काही आता उबणार नाहीत. हप्त्यात जमा करून घेऊ." त्याने तिच्यादेखत अंडी खाल्ली. डोळे मात्र आदराने मिटले होते. "खचायचं नाही. छपरासाठी नवं कर्ज देतो. मेढी तर तयारच आहेत."

त्या वर्षी संस्थेची वसुली शंभर टक्के झाली. करकोच्याला पदवी मिळाली. तरसाला शाल मिळाली, भर उन्हाळ्यात.

तात्पर्य : सभासदांमध्ये परस्परविश्वास वाढवायचा असेल, तर बैठक भर दुपारी आणि त्यांच्या घरापासून लांब घ्यावी.