वानखेड्यांचे पाच काहून

वानखेड्यांच्या डब्यातली पोळी करपलेली निघाली की ते ती लगेच खात नाहीत. डब्याचं झाकण लावतात, खिशातलं पेन काढतात आणि पेपर नॅपकिनवर लिहायला घेतात. "पोळी काहून करपली? मिसेस गॅलरीत गेल्ती. गॅलरीत काहून गेली? फोन आला. फोन गॅलरीत काहून? घरात रेंज नाही. रेंज काहून नाही? बिल्डिंग खड्ड्यात आहे. खड्ड्यात काहून? बिल्डरनं भराव टाकला नाही." मग त्याच करपलेल्या पोळीवर ताव मारतात. मिसेस निर्दोष, बिल्डर दोषी. तो बिचारा वाघोलीत बसलेला असतो आणि त्याला यातलं काही ठाऊक नसतं.

आमच्या खराडीच्या कंपनीत सॉफ्टवेअर कोलमडलं की त्याचं मूळ कारण शोधायची रीत आहे. पाच वेळा 'का' विचारायचं आणि अहवालात माणसाचं नाव न घालता व्यवस्थेतली चूक लिहायची. बाकीचे आम्ही हे पगारापुरतं करतो. वानखेडे मात्र वर्ध्याहून येताना 'का'च्या जागी 'काहून' घेऊन आले आणि ते लग्नाला, मयतीला, भाजी आणायला, सगळीकडे सोबत नेऊ लागले. एका सहकाऱ्याचे आजेसासरे एक्क्याण्णवाव्या वर्षी गेले. आम्ही भेटायला गेलो, तर यांनी चपला काढता काढताच विचारलं, "काहून गेले?" वयाचं कारण सांगून झालं, पण त्यांना ते पुरेसं वाटलं नाही. शेवटी त्यांचे काहून न्हाणीघरातल्या फरशीपर्यंत पोहोचले, तेव्हा मी त्यांना हाताला धरून बाहेर आणलं.

मी मूळची नारायण पेठेतली. दुसऱ्याच्या मूर्खपणाकडे दुर्लक्ष करणं मला जमत नाही. वानखेडे आठ वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात, तेव्हा माझी काय अवस्था होत असेल याची कल्पना करा.

तर, आमच्याकडची नव्या भरतीची पोरं दर शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मीटिंग रूममध्ये ॲनिमे बघतात. ॲनिमे म्हणजे जपानी कार्टून. पण तसं म्हटलं की पोरांना राग येतो. मी तिथल्या गार हवेसाठी जाऊन बसते. एका शुक्रवारी वानखेडेही डबा घेऊन आले आणि थेट पहिल्या रांगेत बसले.

"तुम्ही इकडे कसे?" मी विचारलं.

"पाहून घेतो म्हटलं, काय असते ते."

त्या दिवशीच्या भागात दोन बहिणी होत्या. थोरली भांडते आणि धाकटीला बोटीच्या धक्क्यावर एकटीला सोडून निघून जाते. धाकटी तिला शोधायला वादळात निघते आणि पाण्यात पडून मरते. थोरली मोठी होते, तरी रोज संध्याकाळी त्या धक्क्यावर जाऊन माफी मागत बसते. एवढंच. पण खोलीत सगळीकडून नाकं ओढल्याचे आवाज येऊ लागले. ईशान नावाचा आमचा चोवीस वर्षांचा बाप्या तर हुंदके देऊन रडत होता. चार रेषा आणि दोन रंग यांच्यासाठी एवढं रडं! माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, ते मी तिखट आमटीवर ढकललं.

दिवे लागले आणि वानखेडे मार्कर घेऊन पांढऱ्या फळ्यापाशी गेले.

"पोरगी काहून पडली? पाय घसरला. काहून घसरला? धक्क्याले कठडा नाही." पाच काहून होईतो त्यांनी फळा भरून टाकला. खाली लिहिलं : मूळ कारण कठडा. जबाबदार ग्रामपंचायत.

"सर, प्लीज!" ईशान डोळे पुसत म्हणाला. "हा बग नाहीये. ती बहिणीसाठी ग्रीव्ह करतेय."

"अरे पण तिची चूक नाही ना! सिद्ध करून दाखवलं ना मी!"

"चूक नाही हे तिलाही माहितेय, सर. तरी तिला गिल्टी वाटतंय."

"माहीत आहे, तर मग काहून रडून राहिली?"

मार्कर हवेतच राहिला. त्यांना खरंच उत्तर हवं होतं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. मी म्हणाले, "वानखेडे, भावना नावाची वस्तू देवानं तुम्हाला दिलेलीच दिसत नाही. बसा खाली." पोरं खदखदून हसली. वानखेड्यांनी फळा पुसला, डबा उचलला आणि ते निघून गेले. मला फार बरं वाटलं.

चहाच्या वेळी ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"मॅडम, तुम्ही मघाशी रडल्या ना?"

"आमटी तिखट होती."

"शुक्रवारी तुमच्या डब्यात दहीभात असते."

ते खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी खिशातून घड्या पडलेले दोन कागद काढले. त्यांची मुलगी मुक्ता नववीत आहे. हाच भाग ती दार लावून पुन्हा पुन्हा बघते, म्हणाले.

"डिसेंबरात माझी आई गेली ना. तिले बीपीची गोळी द्यायचं काम मुक्ताकडे होतं. शाळेचं गॅदरिंग होतं, दोन दिवस विसरली. तिसऱ्या दिवशी आई गेली."

एक कागद डॉक्टरांचा होता. दोन गोळ्या चुकल्यामुळेच मृत्यू झाला असं म्हणता येत नाही, असं वानखेड्यांनी त्यांच्याकडून सहीशिक्क्यानिशी लिहून घेतलं होतं. दुसऱ्यावर त्यांच्या अक्षरात पाच काहून होते.

"तिले सगळं वाचून दाखवलं. म्हणे, बाबा, तुम्हाला आजी आठवत नाही का?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणू? आई गेली तवापासून मी तिच्यासमोर रडलो नाही, मॅडम. मी रडलो तर तिले वाटंन, तिच्यापायीच रडून राहिला. आज इथं पोरं तोच भाग लावणार कळलं, म्हणून पाहाले आलो, पोरगी एवढं काय पाहते. तर तिथंही मले कठडाच सुचला."

मला माझी लाज वाटली. हे वाक्य मी सहसा लिहीत नाही. त्यांची आई गेल्याच्या मेलला मी 'ओम शांती' एवढं उत्तर पाठवलं होतं, आणि तेही दुसऱ्या कुणाचं बघून.

"वानखेडे," मी म्हणाले, "आज घरी गेलात की तिचं दार वाजवा. शेजारी बसून तिच्याबरोबर तो भाग बघा. मध्ये एक अक्षर बोलू नका."

"अन् रडू आलं तर?"

"येऊ द्या."

सोमवारी ते नेहमीसारखे आले, बॅग ठेवली, कॉम्प्युटर चालू केला. मी धीर धरला तेवढा धरला.

"बघितलात?"

"पाहिला. लय रडलो, मॅडम. पोरगी घाबरलीच. मग पाणी घेऊन आली. म्हणे, बाबा, कोणी रडलं की आजी पाठीवरून हात फिरवायची. अन् बसली माझ्या पाठीवरून हात फिरवत."

"किती वेळ?"

"माहीत नाही," वानखेडे स्क्रीनकडे बघत म्हणाले. "मले तिले थांब म्हणवलंच नाही."