बघायला आलेलं पुस्तक

नांदूरखेडमध्ये मुलं पुस्तकं निवडत नाहीत, पुस्तकं मुलांना बघायला येतात. बाहेरगावच्या लोकांना याचं उगाच नवल वाटतं. ज्याला कुणाच्या तरी घरी जाऊन राहायचंय, त्यानं ते घर आणि ते मूल आधी बघू नये का, असा इथला साधा विचार आहे.

पुस्तकांना पाय नसल्यामुळे त्यांना कुणीतरी न्यावं लागतं. हे काम नगर वाचनालयाचं मध्यस्थ मंडळ करतं. मंडळात दहावीची परीक्षा दिलेली मुलंमुली असतात, कारण निकाल लागेपर्यंत ती घरात नुसती लोळत पडतात आणि आईवडिलांना डोळ्यांसमोर नको होतात. मे महिन्याच्या सुट्टीत एकेका मध्यस्थाकडे दुसरी-तिसरीतली काही मुलं सोपवली जातात. मग पुस्तक कापडी पिशवीत घालायचं, मुलाच्या घरी न्यायचं आणि चांगल्या खुर्चीत बसवायचं. पुस्तक मुलाला दोन-चार प्रश्न विचारतं, हात उलटेपालटे करून दाखवायला सांगतं, एखादं पान वाचून घेतं आणि "कळवू" म्हणून निघतं. उत्तर संध्याकाळी वाचनालयात देतं. होकार असेल तर "पसंत आहे", नसेल तर "योग नाही". कारण सांगायची पद्धत नाही आणि कुणी विचारतही नाही.

घरोघरी पोहे केलेले असतात. पुस्तक खात नाही, त्यामुळे बशी मध्यस्थालाच संपवावी लागते. मंडळातल्या कस्तुरी गवंडेनं त्या मे महिन्यात इतके पोहे खाल्ले, की तिच्या आईनं सकाळी फोडणीत मोहरी टाकली तरी ती चप्पल घालून अंगणात जाऊन उभी राहायची.

कस्तुरी मन लावून काम करणारी पोरगी. तिच्याकडच्या सगळ्या मुलांचं जमलं होतं. खिडकीत बसून पाय हलवणाऱ्या यशोधनचं जमलं, बोबड्या शाहीनचं तर पहिल्याच भेटीत जमलं. राहिली होती फक्त एक, गिरणीवाल्या सोनटक्क्यांची रेवा.

खरं तर रेवात नाव ठेवायला जागा नव्हती. वाचायची स्वच्छ. पानाचा कोपरा दुमडायची नाही, बोटाला थुंकी लावायची नाही. घर पिठाच्या गिरणीला लागूनच असल्यामुळे सगळ्यांच्या अंगावर बारीक पीठ असायचं, पण पुस्तकं त्याला हरकत घेत नाहीत, तेलापेक्षा पीठ बरं म्हणतात. अडचण एकच होती. पुस्तक खुर्चीत टेकतं न टेकतं तोच रेवा विचारायची, "शेवट काय आहे?"

पुस्तकांना हे फार लागतं. पाहुणा पंगतीला बसल्या बसल्या हात धुवायला पाणी मागू लागला, तर वाढणाऱ्याला कसं वाटेल, तसं त्यांना वाटतं. चोर पकडण्याच्या गोष्टीचं एक पुस्तक तर तो प्रश्न ऐकून तिथंच घट्ट मिटलं ते वाचनालयात येईपर्यंत उघडेना. पक्ष्यांचा सचित्र कोश आला, तेव्हा कस्तुरीला वाटलं, कोशाला कसला आलाय शेवट, इथं नक्की निभावेल. हा कोश जाडजूड, गुळगुळीत कागदाचा आणि स्वतःविषयी बरंच मत असलेला. आल्या आल्या त्यानं घराला गॅलरी आहे का, याची चौकशी केली. रेवानं नाही म्हटलं आणि शेवटचा पक्षी कोणता ते विचारलं. संध्याकाळी कोशानं "योग नाही" कळवलं, आणि पद्धत मोडून वर हेही म्हणाला, की मुलीला वळण नाही.

ग्रंथपाल मोहोळकरांनी ते वाक्य ऐकलं नाही असं दाखवलं. मंडळातला फैजान वाचनालयाच्या पायरीवर बर्फाचा गोळा चोखत बसला होता. त्याच्याकडच्या सगळ्या मुलांचं पहिल्याच आठवड्यात जमलं होतं, त्यामुळे तो आता सल्ले द्यायला मोकळा होता. मुलीला गप्प बसायला शिकव, एवढंच त्याचं म्हणणं.

कस्तुरीनं तेही करून पाहिलं. रेवाच्या आईनं पोरीला समोर बसवून बजावलं, की पुस्तक आलं की मान खाली घालायची, विचारेल तेवढंच बोलायचं. रेवानं मान हलवली. पुढच्या पुस्तकासमोर ती ओठ दाबून बसली, लाल झाली, आणि पुस्तक निघता निघता दारातून ओरडून तिनं शेवट विचारलाच.

"ही खोड आमच्या आबांमुळे लागलीय बघ," तिची आई म्हणाली. आबा म्हणजे रेवाचे आजोबा. दुपारी गिरणी बंद असली, की ते गव्हाच्या पोत्यावर आडवे होऊन नातीला गोष्ट सांगत. गोष्ट मोठी रंगायची, वाघ पार उंबऱ्यापर्यंत यायचा आणि तिथं आबांचा डोळा लागायचा. जन्मात त्यांनी एक गोष्ट पुरी केली नव्हती. उठल्यावर विचारलं तर म्हणायचे, कोणता वाघ?

सुट्टी संपत आली होती. जूनमध्ये शाळा उघडली की पुस्तकं बघायला निघत नाहीत, ज्याचं जमलं नसेल त्यानं पुढच्या मेपर्यंत थांबायचं असतं. कस्तुरीला त्यापेक्षाही वेगळ्याच गोष्टीची धास्ती होती. त्या दिवशी ती रिकामी पिशवी घेऊन गिरणीवर गेली, तर रेवा पोत्यांवर छापलेली अक्षरं बोट ठेवून वाचत होती. गव्हाची जात, वजन, बाजार समितीचं नाव, सगळं. कस्तुरीला बघताच तिनं बोट काढून घेतलं.

"ताई, आता नको आणूस कुणाला," ती म्हणाली. "मला पुस्तकं आवडतच नाहीत."

कस्तुरीला भडभडून आलं. पोरगी खोटं बोलतेय हे दिसत होतं, आणि वर्षभर असंच बोलत राहिली तर ते खरं होईल हेही दिसत होतं. ती तशीच वाचनालयात गेली आणि मोहोळकरांच्या टेबलासमोर उभी राहून म्हणाली, की अजून एखादं पुस्तक शिल्लक असेल तर द्या, नाहीतर मी निकालापर्यंत इथून हलत नाही.

मोहोळकरांनी चष्मा पुसला. सोनटक्क्यांकडे जायला तयार असं एकही उरलेलं नाही, म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, की खालच्या कपाटात एक आहे, पण ते कुठं जात नाही. कपाट उघडलं. जुनी रेल्वेची वेळापत्रकं होती, त्यांच्या मागं भिंतीकडं तोंड करून एक पातळ पुस्तक बसलं होतं. नाव 'गलबतावरचा उंट'. पाठीवरची शिवण उसवलेली. शेवटची पानं कुणा पोरानं फार पूर्वी फाडून त्यांच्या होड्या केल्या होत्या. तेव्हापासून ते बघायला जायचं टाळत होतं.

कस्तुरीनं त्याला रेवाविषयी सगळं सांगितलं, काहीही लपवलं नाही. ती शेवट विचारते, हेही सांगितलं.

"तेच तर नाही ना माझ्याकडे," पुस्तक भिंतीकडं बघतच म्हणालं.

कस्तुरीनं त्याची पुष्कळ समजूत घातली. एक तर मुलगी चांगली आहे. दुसरं म्हणजे जमलं नाहीच, तर ते तुमच्याकडे शेवट नसल्यामुळे, असं तिला सांगता येईल, त्यामुळे पोरीच्या मनाला लागणार नाही. हे दुसरं कारण पुस्तकाला पटलं. त्याची एकच अट होती, उणीव आधी सांगायची, फसवून काही करायचं नाही. कस्तुरीनं कबूल केलं आणि त्याला अलगद पिशवीत घातलं.

सोनटक्क्यांकडे या वेळी पोहे नव्हते. रेवाच्या आईनं हात टेकले होते, तिनं नुसतं पन्हं पुढं केलं. कस्तुरी ते अगदी मनापासून प्यायली. आबा बाजूच्या पोत्यावर घोरत होते. रेवा खुर्चीकडे पाठ करून भिंतीला टेकून बसली होती. पुस्तकानं हात दाखव म्हटलं नाही, वाचून दाखव म्हटलं नाही. कस्तुरी शब्द जुळवत होती, आणि रेवाची आई पोरीला डोळ्यांनी दटावत होती.

रेवानं पाठमोरंच विचारलं, "शेवट काय आहे?"

आईनं कपाळाला हात लावला.

"मला माहीत नाही," पुस्तक म्हणालं.

रेवा वळली. इतक्या पुस्तकांनी तिला नाना तऱ्हेची उत्तरं दिली होती, हे कुणी दिलं नव्हतं. तिनं जवळ येऊन पुस्तकाची मागची बाजू पाहिली. फाटलेल्या कडांवरून बोट फिरवलं. मग कुणी न सांगता मांडी घालून बसली आणि पहिल्या पानापासून वाचायला लागली.

गोष्ट अशी होती. एका तांडेलानं, म्हणजे गलबताच्या प्रमुखानं, बाजारात हौसेनं उंट घेतला आणि तो समुद्रमार्गे घरी न्यायला निघाला. उंट बिचारा गुणी होता, कुणाला त्रास नाही. पण भर समुद्रात वादळ आलं, गलबत या अंगावर त्या अंगावर कलंडू लागलं, आणि खलाशी म्हणू लागले की उंटाला पाण्यात ढकला, नाहीतर सगळेच बुडतो. रेवा वाचत होती, गिरणीत दळण घेऊन आलेली दोन-तीन माणसं डबे हातात धरून उभी राहिली होती, आणि कस्तुरीच्या हातातला रिकामा पेला तसाच राहिला होता. उंट सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होता. तांडेल त्याच्याकडे वळला आणि म्हणाला... आणि इथंच पान संपलं. पुढं काही नव्हतं.

आबांचं घोरणं तेवढं ऐकू येत होतं. कस्तुरीला वाटलं, झालं, आता ही पोर उठून जाणार.

"आबापण अस्संच करतात," रेवा म्हणाली. "मग पुढचं मला सांगावं लागतं."

आणि तिनं सांगितलं. तांडेल उंटाला म्हणाला, अरे, तू खाली बस ना. उंट खाली बसला. गलबत हलायचं थांबलं. तो निघाल्यापासून उभाच होता, कारण बस म्हणून त्याला कुणी म्हटलंच नव्हतं. मग सगळे घरी गेले आणि तांडेलाच्या आईनं उंटाला बघून आधी खूप बोलून घेतलं आणि मग गूळ दिला.

डबेवाल्यांपैकी एक बाई डोळे पुसत म्हणाल्या, की पीठ गेलं डोळ्यांत.

"इतकी वर्षं मला वाटायचं, तो बुडाला," पुस्तक हळूच म्हणालं. "पुन्हा सांगतेस?"

रेवानं पुन्हा सांगितलं. या वेळी तांडेलाच्या आईनं दोन खडे गूळ दिला. पुस्तकाला राहवलं नाही आणि त्यानं सगळ्या रीतीभाती बाजूला ठेवून तिथल्या तिथं, सर्वांदेखत सांगून टाकलं की मुलगी पसंत आहे. नांदूरखेडमध्ये असं पूर्वी कधी घडलेलं नव्हतं. रेवाच्या आईनं आनंदानं पदर तोंडाला लावला. कस्तुरीनं सुटकेचा श्वास सोडला, आणि तेवढ्यात पुस्तकानं आणखी एक न घडलेली गोष्ट केली.

"आणि तुला?" त्यानं रेवाला विचारलं.

हे मुलांना कुणी विचारत नसे. रेवानं पुस्तकाकडे पाहिलं, झोपलेल्या आबांकडे पाहिलं, फ्रॉकवरचं पीठ झटकलं आणि म्हणाली, "कळवते."

कस्तुरी पुस्तकाला पिशवीत घालून परत निघाली. वाटेत ते सारखं विचारत होतं, की आपण फार बोललो का, शिवण दिसली का, पुन्हा सांग म्हणायला नको होतं का. कस्तुरी त्याला धीर देत राहिली. वाचनालयात मोहोळकरांनी त्याला कपाटात न ठेवता टेबलावर, दार दिसेल असं बसवलं. फैजानसुद्धा पायरीवरून उठून आत येऊन बसला. त्याच्या हातातला गोळा वितळून मनगटावरून ओघळत होता. संध्याकाळ झाली, दिवे लावले, आणि आता येत नाही असं सगळ्यांना वाटायला लागलं, तेव्हा दारात रेवा उभी राहिली. सोबत आबा होते, जागे. त्यांच्या हातात पुस्तक न्यायला पिठाची नवी कोरी पिशवी होती.

"पसंत आहे," रेवा म्हणाली. कस्तुरी पुढं होऊन नीट पाहू लागली, पण डोळ्यांत पाणी आल्यामुळे तिला काही धड दिसलं नाही.

'गलबतावरचा उंट' आता सोनटक्क्यांकडे असतं. दुपारी पोत्यावर आबा, पुस्तक आणि रेवा असे ओळीनं पडलेले असतात. आबा अर्ध्यावर झोपतात, पुस्तक अर्ध्यावर संपतं, पुढचं काम रेवाचं. शेवट रोज वेगळा असतो, उंट मात्र बुडत नाही. ही बातमी वाचनालयात पोहोचली. ज्यांचा शेवट ठरलेला होता, अशा पुष्कळ पुस्तकांना त्यामुळे कसंसंच झालं, आणि काहींनी मोहोळकरांकडे आपली शेवटची पानं काढून ठेवता येतील का, अशी विचारणा केली. मोहोळकरांनी तशी तरतूद नाही असं सांगितलं.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी कस्तुरी पुन्हा गिरणीवर गेली. पिशवीतून तिनं पक्ष्यांचा सचित्र कोश काढून खुर्चीत बसवला. तो म्हणाला, की झालं गेलं विसरून जाऊ, गॅलरीचंही आपण फार मनावर घेत नाही, आणि शेवटचा पक्षी तो आता आनंदानं सांगेल. रेवानं त्याचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्याला कडा दाखवायला सांगितल्या, एक पान उघडून बघितलं आणि कळवते म्हणाली.

संध्याकाळी कस्तुरीनं वाचनालयात येऊन निरोप दिला, योग नाही.