मोजणारे आप्पा

विश्रामबागेतल्या नव्या घरी आमचा पहिला चहा अजून व्हायचा होता. तेवढ्यात एक उंच गृहस्थ दाढीचा ब्रश आणि साबणाच्या फेसाची वाटी घेऊन थेट स्वयंपाकघरात शिरले. नाव नाही, गाव नाही. उकिडवे बसून त्यांनी सिलिंडरपासून शेगडीपर्यंत नळीला फेस फासला आणि डोळे बारीक करून बघत राहिले.

"बुडबुडा न्हाई. वैनी, आता टाका आधण!"

हे आमचे शेजारी, आप्पा वाघमारे. मूळचे कोरेगावचे. बिहारातल्या कोळशाच्या खाणीत हवा तपासायची नोकरी करून निवृत्त झालेले. बायकोचं माहेर सांगली, म्हणून इथं घर बांधलं, आणि घर झाल्यावर वर्षभरातच ती गेली.

नोकरीत असताना सरकारनं आप्पांना सहा महिने पोलंडला शिकायला धाडलं होतं. तिथून त्यांनी एक ओव्हरकोट आणला आणि एक वाक्य. ओव्हरकोट सांगलीत निरुपयोगी ठरला. वाक्य मात्र रोज वापरात होतं. "तिकडं मोजत्यात, आपल्याकडं हुंगत्यात. आन् खाणीतल्या गॅसला वासच न्हाई!"

कोळसा फोडला की त्यात कोंडलेला मिथेन सुटतो आणि गुपचूप हवेत जातो. तो पोलंडात किती जातो आणि भारतात किती, याची आप्पांनी एक जाडजूड वही केली होती. डावं पान पोलंडचं. तिथला एक इंजिनिअर मित्र दरवर्षी पत्रातून आकडे कळवायचा. उजवं पान आपलं. त्यासाठी आप्पा कचेऱ्यांना पत्रं लिहीत, आणि ‘आपले पत्र पुढील कार्यवाहीसाठी पाठविले आहे’ एवढंच उत्तर येई. त्यामुळे उजव्या पानावरचे सगळे आकडे अंदाजाचे, पेन्सिलीनं लिहिलेले.

मी एकदा वही चाळून म्हणालो, "आप्पा, पण जास्त गॅस तर पोलंडच सोडतंय की!"

"आवं सर, कॉलेजात शिकिवता न्हवं तुमी? त्यांच्या खाणी खोल, गॅस जास्तच. पर त्यो त्यांनी मोजलाय. आपला आकडा म्हंजे काढलेल्या कोळशाला अंदाजानं गुणलंय. माप आन् अंदाज, एका तराजूत कसं घालायचं?"

हा तराजू ते सगळीकडे नेत. माझ्या मुलाच्या कपाळाला हात लावून बायको म्हणाली, "अंग गरम लागतंय," की भिंतीपलीकडून आवाज यायचा, "हुंगू नका वैनी, थर्मामीटर लावा!"

एका मे महिन्यात ते मला कोरेगावला बहिणीकडे घेऊन गेले. शांताक्कांच्या गोबरगॅसची टाकी गाळानं भरली होती. त्यांचा मुलगा मिलिंद फौजेतून सुट्टीवर आलेला. त्यानं वरचं झाकण काढून बादल्यांनी शेण उपसलं होतं, आणि तळाचा गाळ काढायला शिडी सोडली होती. आम्ही पोचलो तेव्हा त्याचा एक पाय शिडीवर होता.

आप्पांना पळताना मी पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी भाच्याची मानगूट धरून त्याला मागं ओढलं.

"मोजलंस का?"

"मामा, झाकण काडून दोन तास झालं. वास बी न्हाई."

"वासाचं मला सांगू नगंस! आक्का, एक कोंबडी दे."

"आप्पा, आरं ती अंड्यावर बसलीया!"

"मग दुसरी दे!"

कोंबडी डालग्यात घालून दोरानं खाली सोडली. मिलिंद हसत होता, शेजारी हसत होते, खरं सांगायचं तर मीही हसत होतो. कोंबडी आधी तावातावानं ओरडली. मग गप्प झाली. मग तिची मान कलली.

आता कोणी हसेना. आप्पांनी भराभरा दोर ओढला. कोंबडी जमिनीवर निपचित पडली होती. जरा वेळानं तिनं डोळा उघडला, पंख झाडले आणि उठून आप्पांच्या बोटाला कडकडून चोच मारली. शांताक्का मिलिंदचं तोंड कुरवाळत रडल्या, मग हसल्या, मग पुन्हा रडल्या. शिडी वर ओढून आडवी टाकली गेली.

आप्पा मात्र दिसेनात. गोठ्यामागं दगडावर बसलेले सापडले.

"एक डाव मी न मोजता आकडा लिवलावता, सर," ते म्हणाले. "ताप हुता अंगात. आत गेलोच न्हाई. कालचाच आकडा आज लिवला. माणसं खाली गेली आन् मग माझं डोकं ठिकाणावर आलं. सांगावं तर नोकरी जातीया. न्हाई सांगितलं. आठ तास खाणीच्या तोंडाशी बसून ऱ्हायलो."

"मग?" मी विचारलं.

"काय न्हाई झालं. समदी वर आली. एकेकाला हात लावून मोजलं. बेचाळीस. त्यांला वाटलं, आप्पा येडा झाला. आजपातूर कुणाला सांगितलं न्हवतं. बायकोला बी न्हाई."

परतीच्या एसटीत त्यांना खिडकी दिली. रहिमतपूर मागं पडल्यावर ते हळू आवाजात नावं घ्यायला लागले. रामप्रवेश, मंगरू, इस्माईल, सुकदेव, छोटा सुकदेव... मी मनात मोजत होतो. कऱ्हाड आलं तेव्हा बेचाळीस भरले, आणि आप्पा माझ्या खांद्यावर मान टाकून गाढ झोपी गेले.