उन्हाची भिशी

आमच्या वसतिगृहात उन्हाची भिशी चालते. सप्टेंबरात सुरू होते, फेब्रुवारीत संपते, आणि ज्याचा नंबर लागेल त्यानं बाकीच्यांना खाऊ घालायचं असा नियम आहे. नियम माझ्या आईचा. ती अकोल्यात अठरा बायकांची पैशांची भिशी चालवते आणि तिच्याकडे आजवर कुणाचा हप्ता बुडालेला नाही.

आमचं विद्यापीठ नॉर्वेच्या पार उत्तरेला आहे. नोव्हेंबर संपता संपता सूर्य डोंगरामागे जातो तो जानेवारी सरत आल्यावरच तोंड दाखवतो. म्हणून बाहेरून येणारे विद्यार्थी घरून ऊन घेऊन येतात. मला आईनं लोणच्याशेजारी मे महिन्याचं ऊन स्टीलच्या डब्यांत भरून दिलं होतं. प्रत्येक डब्यावर कोरलेलं, 'सौ. प्रमिला भा. गावंडे, अकोला'. विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं लोणच्याला हरकत घेतली. उन्हाचा डबा त्यानं जरासा उघडला आणि लगेच लावून टाकला. मे महिन्यातलं अकोल्याचं ऊन आहे ते, टक लावून बघायचं काम नाही.

भिशीत त्या वर्षी आम्ही पाचच जण होतो, एक नंबर रिकामा होता. मी, इथिओपियाची सेलाम, उझबेकिस्तानचा जमशीद, आणि आणखी दोघं, जे हप्ता वेळेवर द्यायचे म्हणून त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. दर महिन्याला प्रत्येकानं एक वाटी ऊन घालायचं आणि ज्याचा नंबर त्यानं सगळं न्यायचं. मला वाटायचं भिशी म्हणजे आपलीच. तर सेलाम म्हणाली, आमच्याकडे हिलाच इक्कुब म्हणतात, आणि जमशीदनं तिसरंच नाव सांगितलं. नंबर लागल्यावर सेलाम कोळशावर कॉफी करून सगळ्यांना तीन-तीनदा पाजायची.

माझं संशोधन वित्तशास्त्रातलं. विषय असा की, नंबर लागून गेल्यावरही माणूस उरलेले हप्ते का भरतो? माझ्या मार्गदर्शक लिंडक्विस्टबाई. इथं प्राध्यापकांना नुसत्या नावानं हाक मारतात, मला ते अजून जमत नाही. बाईंचं म्हणणं, पुस्तकाप्रमाणं त्यानं पळून जायला हवं. आमच्या भिशीतलं कुणीतरी पळून जाईल म्हणून त्या तीन वर्षं वाट बघत होत्या.

ऑक्टोबरात समोरच्या खोलीतली टोरुन आली. टोरुन इथलीच, पलीकडच्या बेटावर तिच्या वडिलांची मासेमारीची होडी आहे. दारातच उभी राहून म्हणाली, "मला भिशीत घ्याल का? माझ्याकडे आत्ता ऊन नाही. जूनमध्ये चोवीस तास असतं, तेव्हा सगळे हप्ते देईन. मला डिसेंबरचा नंबर हवाय."

"डिसेंबरचाच का?" जमशीदनं विचारलं.

"आईबाबांचं लग्न डिसेंबरात झालं. चाळीस वर्षांत त्यांनी लग्नाच्या वाढदिवशी एकमेकांना दिवसाच्या उजेडात बघितलेलं नाही."

आम्ही रीतसर बैठक घेतली. आधी नंबर आणि नंतर हप्ते, म्हणजे जोखीम मोठी. आईला फोन केला तर ती म्हणाली, "कुणी शब्द देते का तिच्यासाठी? देत असंल तर घ्या." सेलामनं शब्द दिला. तिची नि टोरुनची ओळख तेव्हा जेमतेम कपडे धुण्याच्या खोलीतली.

डिसेंबरात टोरुन सगळं ऊन बेटावर घेऊन गेली आणि परतताना आमच्यासाठी माशांचं सूप घेऊन आली. तिच्या आईनं म्हणे वडिलांना विचारलं, तुमचे केस कधी पांढरे झाले.

आता सेलामचं सांगते. तिच्याइतकी सरळ आणि चिकाटीची मुलगी मी पाहिली नाही, आणि मला तिचा थोडा हेवाही वाटतो. तिचा प्रबंध पदार्थविज्ञानातला. उजेड ज्याच्यावर पडतो त्याला तो ढकलतो, अगदी किंचित. सेलामनं काचेच्या हंडीत एक पातळ पत्रा टांगून त्याला काटा जोडला होता. पाच वर्षं खपून तिनं दाखवलं होतं की ऊन कुठल्याही देशाचं असो, काटा सारखाच सरकतो. हे मी आईला सांगितलं तेव्हा तिनं ते मला पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाली, "त्या पोरीला मे महिन्यात अकोल्याला घेऊन ये."

सेलामची तोंडी परीक्षा जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ठरली. महिनाअखेर तिचा व्हिसा संपत होता आणि मुदत वाढवून मिळणार नव्हती. परीक्षेला थोडेच दिवस असताना तिचे मार्गदर्शक हाउगेन येऊन म्हणाले, समितीला इथलंही ऊन तपासलेलं हवंय. त्याशिवाय 'कुठल्याही देशाचं' असं लिहिता येणार नाही, आणि पदवीही देता येणार नाही.

आम्ही कपाटं धुंडाळली. अदिस अबाबाचं होतं, समरकंदचं होतं, अकोल्याचं तर होतंच. इथलं कुणाकडेच नव्हतं. दारात फुकट पडलेलं ऊन उन्हाळ्यात कोण भरून ठेवतो? सेलाम पलंगावर बसली आणि म्हणाली, "माझीच चूक. पाच वर्षं इथं राहिले आणि एकदाही खिडकीत डबा ठेवला नाही." तिला रडू आलं. मलाही आलं.

तेव्हा टोरुन म्हणाली, "माझे जूनचे हप्ते आत्ताच घ्या."

यावर विभागात दीड तास चर्चा झाली. लिंडक्विस्टबाईंच्या मते पुढे येणारी रक्कम आज जमेस धरता येते, सगळ्या बँका त्यावरच चालतात. हाउगेन म्हणाले, बँकेचं ठीक आहे, पण काट्याला हे कोण समजावणार? शेवटी मी पुन्हा आईला फोन लावला.

"हप्ता आगाऊ घेता येतो का गं?"

"येते ना. पण मंग जूनमध्ये तिच्या घरी तेवढी चूल पेटनार नाही. हे तिले आधी इचारून घे. आणि डबा आपला दे, दुसऱ्याच्या डब्यात हिशोब राहत नाही."

मी टोरुनला विचारलं. तिनं घरी फोन केला, वडिलांशी दोन वाक्यं बोलली आणि मान हलवली. मी आईचा एक रिकामा डबा घासूनपुसून तिच्या हातात दिला.

परीक्षेच्या दिवशी दालनातले दिवे मालवले. सेलामनं एकेक डबा उघडला. अदिसच्या उन्हानं काटा एका खुणेवर गेला. समरकंदच्या तिथंच. अकोल्याच्या उन्हासाठी समितीनं काळे चष्मे लावले, तरी काटा तिथंच गेला, याचं मला वाईट वाटलं. मग टोरुननं रिकामा डबा टेबलावर ठेवून झाकण काढलं.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग डब्यातून तिरकं, पिवळसर ऊन बाहेर आलं आणि त्यासोबत एक डास. हाउगेननी डासाकडे नीट बघितलं आणि समितीला सांगितलं, "हा जूनचा आहे." समितीनं तशी नोंद केली.

पण ऊन इतकं मंद होतं की काटा खुणेजवळ जाऊन थरथरत राहिला. ठरलेल्या वाट्या संपल्या. काटा थांबेना. सेलामनं टोरुनकडे बघितलं, पुढे आली आणि झाकण उचललं.

"बास झालं," ती म्हणाली. "याच्यापुढचं तुझ्या घरचं जातंय."

"झाकण ठेव खाली," टोरुन म्हणाली. "तू माझ्यासाठी शब्द दिलास तो मोजून दिला होतास का?"

सेलामच्या हातातलं झाकण तिनं काढून घेतलं. डबा उघडाच राहिला. आम्ही बसून राहिलो. कितीतरी वेळानं काटा थांबला आणि बरोबर खुणेवर थांबला. समितीनं सेलामला पदवी देऊन टाकली आणि तो डास दाराबाहेर थंडीत जायला तयार नव्हता म्हणून त्याला प्रयोगशाळेत ठेवून घेतलं.

महिनाअखेर सेलाम गेली. जाताना आईचा तो डबा आठवण म्हणून मागून घेतला. मी आईला घाबरत घाबरत सांगितलं. ती म्हणाली, "नेऊ दे. डबा कोनी रिकामा ठेवत नाही."

जूनमध्ये, ज्या दिवशी इथले लोक समुद्राकाठी होळी पेटवून सगळ्यात मोठा दिवस साजरा करतात, त्याच दिवशी टोरुनच्या घरचा हप्ता गेला. आम्ही भर दुपारी होडीनं बेटावर पोचलो. सगळं बेट उन्हात होतं, शेजारी अंगणात उघड्यानं बसले होते. फक्त टोरुनचं घर, अंगण आणि मासे वाळवायची चौकट एवढ्यापुरती रात्र होती. वर पाहिलं तर तेवढ्याच चौकोनात चांदण्या. शेजारच्या काकांनी कुंपणावरून डोकावून चौकशी केली. टोरुनचे वडील म्हणाले, "देणं होतं." काकांनी बरं म्हटलं आणि ते परत उन्हात जाऊन बसले.

लिंडक्विस्टबाईही आल्या होत्या. मेणबत्तीच्या उजेडात त्यांनी टोरुनला विचारलं, "तू पळून का गेली नाहीस?"

"कुठं जाणार?" टोरुन म्हणाली. "जून सगळीकडेच येतो." बाईंनी ते लिहून घेतलं. माझ्या प्रबंधात आता ते तिसरं प्रकरण आहे.

टोरुनच्या आईनं सूप वाढायला घेतलं, पण अंधारात वाटीचा अंदाज येईना. तेवढ्यात फाटक वाजलं. सेलाम उभी होती. दोन विमानं, एक बस आणि एक होडी बदलून अदिसहून आली होती, आणि हातात आईचा डबा होता. कुणाशी काही न बोलता तिनं तो टेबलाच्या मधोमध ठेवला आणि झाकण काढलं. डोंगरावरचं स्वच्छ ऊन सगळ्यांच्या तोंडावर पडलं. टोरुनच्या वडिलांनी पुन्हा एकदा बायकोकडे बघून घेतलं.

आईचा फोन आला तेव्हा आम्ही जेवतच होतो. तिला पडद्यावर मागं काळोख आणि पुढं ऊन असं दिसलं.

"अवं, दिवसा अंधार काहून?"

"टोरुनचा हप्ता गेला, आई."

"अन् उजेड कशाचा?"

"सेलामनं डबा परत आणला."

"भरून?"

"भरून."

"हाव," आई म्हणाली. "तेवढा घासून ठेव मंग. जेवली का?"