पाखऱ्याची झूल

धोंडिभाऊ कॉम्प्युटरवरच्या त्या खेळातल्या बैलावर कधीच बसले नाहीत. जनावर बसण्यासाठीच दिलेलं होतं. सारं जग घोड्यावर, वाघावर, पंखवाल्या सरड्यावर बसून भरधाव जायचं, आणि आमचे धोंडिभाऊ पुढे पायी, मागून बैल.

"बैलावर कोण बसतं का राव? लोकं काय म्हणतील?"

लोक म्हणजे कुठल्या कुठल्या देशांतले खेळाडू. पण धोंडिभाऊंना गाव सगळीकडे एकच.

ब्रॉडबँड नुकतं आलं तेव्हा मी जुन्नरात सायबर कॅफे टाकला होता. कॉलेजची पोरं तिथे ऑनलाइन लढाया खेळत. धोंडिभाऊ चाळिशीचे, एकटे, कांद्याचा टेम्पो चालवायचे. एकदा कसलीशी झेरॉक्स काढायला आले आणि पडद्यावरचा बैल पाहून जे थांबले, ते थांबलेच.

त्या खेळात माणूस पेहरावावरून ओळखायचा. लढवय्या असेल तर लोखंडी चिलखत, मांत्रिक असेल तर पायघोळ झगा. धोंडिभाऊ लढवय्ये खरे, पण अंगात पहिल्या दिवशी फुकट मिळालेली बंडी. रानातला पाला गोळा करून जे सोनं मिळे, ते सगळं बैलाच्या अंगावर. शिंगांना रंग, गळ्यात घंटा, पाठीवर लाल झूल. त्या झुलीने ताकद तसूभर वाढत नव्हती. पोरं कपाळाला हात लावत.

"धोंडिभाऊ, आधी ढाल घ्या. सारखे मरताय."

"मी मरतो नि उठतो. जनावर उघडं दिसाया नको."

दुपारी कॅफेत पडदे ओढलेले असत, पंखा कुरकुरत असे. धोंडिभाऊ बैलाला खेळातल्या नदीवर नेत. तिथलं मावळतीचं ऊन संपतच नसे, गवत हलत राही. तास तास ते तसेच उभे.

"काय करताय?" मी विचारायचो.

"पाणी पितोय त्यो."

बैल पाणी पीत नव्हता. तशी सोयच त्या खेळात नव्हती. पण जरा वेळ त्यांच्या शेजारी बसलं, की मलाही पितोयसं वाटायला लागे. गिऱ्हाईक हाका मारून कंटाळे.

बैलाचं नाव पाखऱ्या. खरा पाखऱ्या होता, हे त्यांनीच एकदा सांगितलं. वाटणीत बैलजोडी फुटली. मोऱ्या थोरल्या किसनदादाला, पाखऱ्या यांना. एका बैलावर औत चालत नाही. दोघा भावांनी आपापला बैल बेल्ह्याच्या बाजारात विकला, तोही एकाच दिवशी, एकमेकांकडे पाठ करून. तेव्हापासून बोलणं बंद. घरं एका भिंतीला लागून.

आमच्याकडे बैलपोळा भादव्यात. त्या दिवशी पोरांची मोठी लढाई होती, आणि धोंडिभाऊ त्यांच्या टीममध्ये होते. "आज जनावराला काम न्हाई," एवढंच ते म्हणाले. पोरांनी त्यांना टीममधून काढून टाकलं. त्यांचं तिकडे लक्षही नव्हतं. त्यांनी शेजारशेजारचे दोन कॉम्प्युटर धरले होते. दुसऱ्यावर नवं खातं उघडून दुसरा बैल. नुसता उभा, अंगावर काही नाही.

"हा मोऱ्या," ते म्हणाले. "ह्याला दादानंच सजवायचा. मी हात लावायचा न्हाई. वहिनीकडं निरोप धाडलाय."

"आणि नाही आले तर?"

"तर पोळ्याच्या दिवशी उघडा राहील त्यो." मला फार वाईट वाटलं.

ऊन कलल्यावर किसनदादा आले. चपला दाराबाहेर काढल्या, जसं काही देवळातच आलेत. भावाकडे पाहिलं नाही. पडद्याकडे मात्र बराच वेळ पाहत राहिले.

"मोऱ्याचं डावं शिंग खाली झुकल्यालं व्हतं," ते मला म्हणाले. "ह्यो त्यो न्हाई."

"तसलं शिंग हितं मिळत न्हाई, दादा," धोंडिभाऊ म्हणाले.

दादा खुर्ची ओढून बसले. "निळी झूल हाय का?"

माउस त्यांना धरता येईना. धोंडिभाऊंनी त्यांच्या हातावर आपला हात ठेवला. झूल चढली, शिंगं रंगली. दोन्ही बैल नदीकाठच्या गवतातून गावाकडे निघाले, तिथल्या न संपणाऱ्या उन्हात.

थोडं गेल्यावर किसनदादा खाकरले. "हळू घे की. मोऱ्या डाव्या अंगाचा बैल, धोंड्या. विसरलास व्हय?"

धोंडिभाऊंनी पाखऱ्याला थांबवलं आणि डावीकडे जागा करून दिली.