वेलंधराची रांग

विश्रांतवाडीतल्या प्रसन्नछाया सोसायटीत दर शनिवारी होणाऱ्या आरडाओरड्याची व्यवस्थापक समितीने गंभीर दखल घेतली. भाडेकरू कल्याणी एकटी राहत होती, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करत होती आणि तिच्याकडे रोहन व सौरभ हे दोन पुरुष येत होते. एवढ्या पुराव्यावर समिती एरवी घरच रिकामं करायला सांगते. पण घरमालक हे चिटणीस तात्यारावांचे साडू असल्यामुळे आधी खुलासा मागवण्यात आला.

खुलासा साधा होता. तिघं फासे टाकून एक खेळ खेळत. रोहन गोष्ट रचून सांगे, सौरभ त्यातला योद्धा आणि कल्याणी पुजारीण. पुजारिणीने वेलंधर देवाचा मोठ्याने धावा केला आणि फासा चांगला पडला, की योद्ध्याची जखम भरून यायची. हा वेलंधर कल्याणीनेच कल्पनेतून घडवलेला. डोक्यावर हरणाची शिंगं, हातात कंदील. आठवडाभर कंपनीत तिला ‘रिसोर्स’ म्हणत. शनिवारी मात्र ती मेलेल्यांना उठवून बसवायची. त्यातून आता तिची पुजारीण वेलंधराच्या देवलोकाचं दार उघडण्याच्या बेतात होती. दारापलीकडे काय आहे, हे वर्षभर विनवण्या करूनही रोहनने सांगितलं नव्हतं. ते पाहायला तिचा जीव नुसता तडफडत होता.

“खेळ म्हणजे करमणूक,” तात्याराव म्हणाले. “करमणुकीचा आवाज उपविधीत बसत नाही.”

“मग कसला बसतो?” सौरभने विचारलं.

“धार्मिक.”

“अहो काका, मग हा सत्संगच आहे की!”

कल्याणीने त्याला चिमटा काढला, पण उशीर झाला होता. तात्यारावांचा चेहरा उजळला. “हे आधी सांगायला काय झालं होतं? आम्ही काय नास्तिक आहोत?” परवानगी जागच्या जागी मिळाली. आवाजाला मर्यादा नाही.

पण सत्संग म्हटला की तसबीर हवी. कल्याणीच्या वहीतलं चित्र समितीने बुधवार पेठेतून फ्रेम करून आणलं आणि तिच्याच हॉलमध्ये टांगलं. तसबीर आली म्हणून हार आला आणि हार आला म्हणून प्रसाद. पहिल्या मजल्यावरच्या बायडाबाईंच्या गुडघ्याची सूज उतरली. डॉक्टरांच्या गोळ्याही त्यांनी त्याच आठवड्यात सुरू केल्या होत्या, पण गोळ्यांना कुणी हार घालत नाही. मग टँकर वेळेवर यावा म्हणणारे आले, अप्रेझलवाले आले. व्हिसावाल्यांसाठी मंगळवार राखून ठेवण्यात आला. कल्याणीला नाही म्हणता येईना, कारण नाही म्हणणं म्हणजे खेळ असल्याचं कबूल करणं.

अखेर दार उघडण्याचा शनिवार उजाडला. कल्याणीने धावा केला. हॉलभर बसलेल्या भक्तांनीही केला. तिने फासे हातात घेतले मात्र, बायडाबाई किंचाळल्या.

“अगं बया! देवापुढं फासं? ह्यो काय जुगाराचा अड्डा हाय का?”

तातडीची सभा झाली. पावित्र्यभंग करणाऱ्या वस्तू हॉलमधून काढाव्यात आणि बाहेरच्या दोन पुरुषांना मज्जाव करावा, असा ठराव एकमताने मंजूर झाला. घरमालकांनीही संमती दिली. ते आता वेलंधर देवस्थानाचे विश्वस्त होते. पुढच्या शनिवारी कल्याणी भाजी घेऊन आली, तर तिच्याच घराबाहेर जिन्यापर्यंत रांग.

“अहो, हा देव मी बनवलाय!” ती रडकुंडीला येऊन ओरडली. “माझ्या डोक्यातून! खोटा आहे तो!”

रांगेत कुणीही दचकलं नाही.

“कुणीतरी बनवावाच लागतो,” तात्याराव शांतपणे म्हणाले. “त्याबद्दल समितीची तक्रार नाही. पण बनवणाऱ्यांसाठी वेगळी रांग नाही. आपण मागे उभ्या राहा.”

घरात शिरायला दुसरी वाट नव्हती. कल्याणी मागे जाऊन उभी राहिली. तासाभराने तसबिरीपुढे पोचली, तेव्हा तिचे हात आपोआप जोडले गेले आणि आपले फासे परत मिळावेत, म्हणून तिने वेलंधराला मनापासून साकडं घातलं.

वाचकहो, हसून झालं असेल तर एवढंच आठवून पाहा. आपण गेल्या खेपेला रांगेत उभे होतात, तेव्हा पुढे कोण बसलंय आणि त्याला तिथे कुणी बसवलंय, हे विचारलं होतं का? नसेल, तर चपला काढून या. कल्याणीच्या मागे जागा आहे.