नणंदभावजयींनी कर्बवायू कैद केला, त्याची हकीकत

सकळ जनांस विदित व्हावे, म्हणोन जैसे घडले तैसे लिहितो. पदरचे काही घातले नाही.

रसायनशाळेच्या तळमजल्यावरील दालनी नणंद आणि भावजय, उभयता शास्त्रनिपुण, एकाच मोहिमेवर तैनात होत्या. मोहीम ऐसी की, धुरांड्यांतून मोकाट सुटणारा कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, पॉलिमरच्या सच्छिद्र भुकटीत कैद करावा, आणि तेथेच एका द्रवाशी त्याची सोयरीक लावून बॅटरीच्या कामी येणारे कार्बोनेट करावे. सोयरीक जुळविणार ते भुकटीच्या अंगचे विद्युतभारित कण, ज्यांस आयन म्हणतात. परंतु आयन फार भरावे तो छिद्रे बुजत, आणि छिद्रे राखावी तो आयन थोडके पडत. नणंदबाईंचा पक्ष छिद्रांचा, भावजयबाईंचा आयनांचा. त्यावरून बेबनाव जाहला, आणि मग घरी जेवताना मीठ मागणेही भाऊरायांचे मार्फत चाले. भाऊराय एकीचे बंधू, दुसरीचे पती, उभय दरबारांचे वकील, खालमानेने जेवीत.

इतक्यात विभागप्रमुखांचे फर्मान आले की, महिनाअखेर भुकटीने काम न दाखविल्यास दालन खाली करावे. तेव्हा भावजयबाईंनी हट्टाने आयन ठासून भरिले, आणि भुकटीचा दगड जाहला. वायू आत शिरेना. बाई स्टुलावर सुन्न बसल्या. नणंदबाईंस ते पाहवेना, आणि त्या चहाचे दोन पेले घेऊन आल्या.

"वहिनी, दारंच नाहीत, तर पाहुणा आत येणार कुठून?"

"आणि तुमच्याकडे आला, तरी त्याला विचारतंय कोण, वन्सं?"

उभयतांस हसू फुटले. मग मसलत ठरली की, आधी छिद्रांचा पक्का सांगाडा उभारावा, आणि मागाहून त्याच्या भिंतींस आयन बेताने बसवावे. तैसी भुकटी सिद्ध करून द्रवासह पोलादी भांड्यात घातली, वायू सोडिला, ताप दिला, आणि दाबाचा काटा उतरू लागला. नणंदबाईंस गळतीचा संशय आला, म्हणोन सांध्यांस साबणपाणी लाविले. एक बुडबुडा निघेना. भांडे उघडिले तो बहुतेक द्रवाचे कार्बोनेट जाहलेले. भुकटी गाळून, धुऊन पुन्हा कामास लाविली, पुन्हा तैसेच.

विभागप्रमुखांनी दालन कायम केले आणि शोधनिबंध लिहिण्याचा हुकूम दिला. त्यावर प्रथम नाव कोणाचे, यावरून नवा तंटा उभा राहिला: नणंद म्हणे वहिनींचे, भावजय म्हणे वन्संचे, आणि कोणी हटेना, निबंध तैसाच अडून राहिला. सबब, कर्बवायूवरील फत्ते येथे मुक्रर नोंदिली असे. तंटा अद्याप चालू आहे.